अठरा गुणांची सवलत

शनिवारी पावणेआठला डब्लिनमध्ये चेंडू उडेल.
मला गुरुवारी रात्रीच सांगायचं असतं
कोण जिंकेल ते.

महापेच्या सहाव्या मजल्यावर एसी कायम सोळावर.
शालीत हात गुंडाळून मी भाव काढते :
आयर्लंडवर रुपया लावा, सात पैसे सुटतील.
इटली, एकाला नऊ.
बरोबरी, एकाला चाळीस, पण तिकडे कुणी फिरकत नाही.
खाली दोन परिच्छेद लिहायचे.
यजमानांचा स्क्रम जड आहे,
पाहुण्यांचा हुकर पोटरीने बेजार,
मैदान ओलं, वारा आडवा.

मी डब्लिन पाहिलेलं नाही.
तो चेंडू हातात घेतला तोही एकदाच,
कंपनीच्या वर्धापनदिनी.
कोवळ्या फणसासारखा होता,
मी उगाच त्याचं देठ शोधत राहिले.

आम्हाला पैसे लावायला बंदी आहे,
कंपनीची आणि सरकारची, दोघांची.
म्हणून अश्फाक मुकादम वहीत कँटीनची कुपनं मांडतो.
स्पर्धेचा विजेता : दोन थाळ्या.
तळाला कोण : एक भुर्जीपाव.
तळाला इटली, असं बाराजणांनी लिहिलंय,
बाराव्या ओळीत माझं अक्षर.

पहाटे गाडी तळवलीच्या कमानीशी सोडते.
बापूस जागाच असतो, मिश्री लावत ओट्यावर.
अठ्ठ्याहत्तर ते शहाऐंशी, गावच्या संघात डावा कोपरा.
घोटा धरला की चढाईवाला मध्यरेषा विसरायचा, म्हणतात.
म्हणणारे आता फार उरले नाहीत.

मी लॅपटॉपवर मागचा सामना लावला,
उगाच, झोप येईना म्हणून.
त्याने बराच वेळ पाहिलं.
"पुरं पलतान न् चेंडू मागं देतान?"
हो.
"न् यवरे जन मिलून एकाला धरतान?"
हो.
"मंग थांब जरा."
इटलीचा एक प्रॉप होता पडद्यावर, आडवा, चिखलात.
"त्याचा कान बग."
कान चुरगळलेला, रद्दीतल्या कागदासारखा.
बापसाचा उजवा कान तसाच आहे.
लहानपणी मला वाटायचं, तो तसाच जन्मला.

मग मी त्याला सवलत समजावली.
आयर्लंड मोठा संघ, म्हणून इटलीला कागदावर
खेळाआधीच अठरा गुण.
"आदीच? कशापाई?"
हरणार म्हणून.
तो हसला, मिश्री थुंकला,
पुन्हा हसला, या वेळी आवाज न करता.
"आमालापन दिलते," म्हणाला, "सारेबारा."

साडेबारा टक्के.
जमीन गेली तेव्हा आजोबा होते,
कागद आला तेव्हा नव्हते.
सेक्टर नंबर, प्लॉट नंबर, शिक्का, सगळं होतं त्यावर.
आता तिथे दुसऱ्याच कुणाची सात मजली इमारत आहे,
आणि वॉचमन बापसाला विचारतो,
कुणाकडे जायचंय.

त्याने पन्नासची नोट काढली,
मिश्रीच्या डबीखाली ठेवली.
"यो पोऱ्या अठरानं परनार नाय."
मी म्हटलं, अहो, आकडे आहेत,
मागची सात वर्षं आहेत,
ताबा, टॅकल, वजन.
"ठेव तुजे आकरे," म्हणाला.
आणि उठून नळाला पाणी आलं का बघायला गेला.

शुक्रवारी रात्री मी इटलीची फाईल उघडली.
हुकर बरा नव्हता. वारा तसाच होता.
बाजारात काही हललेलं नव्हतं.
मी अठराचे साडेसतरा केले.

कारणाचा रकाना मोकळा सोडता येत नाही,
लाल होतो.
एक वाजता लंडनहून साहेबांनी विचारलं,
अर्धा गुण का घटवला?
मी कानाला हात लावून बसले होते.

लाइनआऊट, मी टाइप केलं.
इटलीचा लाइनआऊट सुधारतोय.